वाघ तर फक्त ट्रेलर आहे! चंद्रपूर-गडचिरोलीचा फुल शो

अख्खं गोवा राज्य जवळजवळ चार वेळा मावेल एवढा एक जिल्हा महाराष्ट्रात आहे, माहीत आहे का? गडचिरोली! क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. त्यातला पाऊण हिस्सा जंगल. आणि एवढ्या अवाढव्य जिल्ह्याला रेल्वे शिवते ती उत्तरेच्या एका कोपऱ्यात, देसाईगंज-वडशाला. पुढचा सगळा मामला एसटी, जीप आणि स्वतःच्या पायांचा.

शेजारी चंद्रपूर. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. मग वाटणी झाली, पण नद्या, जंगल आणि नाटकाचं वेड दोघांकडेही राहिलं.

टीव्हीवर इथली बातमी आली, की ती वाघाची, उन्हाची नाहीतर चकमकीची. आज जरा चॅनल बदलूया. कारण या शोचे खरे हिरो आहेत इथली गावं आणि गावातली माणसं. चला, पडदा वर!

अंक पहिला: जमीन जुनी, किस्से ताजे

चंद्रपूर आणि दक्षिण आफ्रिका कधीकाळी एकाच खंडावर होते, माहीत आहे का? त्या महाखंडाचं नाव गोंडवाना. आपल्या गोंडांच्या मुलखावरून पडलेलं! ऑस्ट्रियाचे भूशास्त्रज्ञ एडुआर्ड स्यूस यांनी ते जगभर रूढ केलं. आज अंटार्क्टिकाच्या बर्फात खडक फोडणारा शास्त्रज्ञही गोंडांचं नाव घेतल्याशिवाय पुढे सरकत नाही.

पुरावा हवाय? खाणीत उतरा. चंद्रपूरचा कोळसा त्याच गोंडवाना काळातला, २५ कोटी वर्षांहून जुना. ग्लोसोप्टेरिस नावाच्या झाडांची जंगलं गाडली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. दक्षिण आफ्रिकेच्या कारू खोऱ्यातल्या कोळशातही हीच झाडं सापडतात. जुनी ओळख निघाली की नाही?

याच पट्ट्यातल्या कोळशावर २,९२० मेगावॉटचं चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्र धडधडतं. म्हणजे तुमच्या डोक्यावरचा पंखा कदाचित डायनासोरच्याही आधीच्या जंगलावर फिरतोय!

डायनासोर म्हटल्यावर हॉलिवूड आठवलं? सिरोंचा आठवा! सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान आहे. तिथे अख्खी झाडंच्या झाडं दगड होऊन पडली आहेत. खोड तेच, सालीचा पोत तोच, फक्त लाकडाच्या जागी दगड.

याच प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, नदीपलीकडच्या तेलंगणात, एक अजस्र शाकाहारी डायनासोर सापडला. नाव बारापासॉरस टागोराय. हे टागोर म्हणजे आपले रवींद्रनाथच! उत्खननाच्या वेळी, १९६१ साली, त्यांची जन्मशताब्दी सुरू होती. सांगाडा सध्या मुक्कामी आहे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत.

आता नद्या. वर्धा आणि वैनगंगा गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याजवळ भेटतात आणि प्राणहिता होतात. हिची लांबी किती? जेमतेम ११३ किलोमीटर. पण गोदावरीच्या एकूण खोऱ्याचा साधारण तिसरा हिस्सा या एकटीच्या नावावर. मूर्ती लहान, पाणी महान!

भामरागडला तर तीन नद्यांची गळाभेट होते. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा. पावसाळ्यात पर्लकोटा पुलावर चढली, की भामरागड तालुक्याचा संपर्क तुटतो. म्हणून इथली शहाणी माणसं मिरची-मीठ, तेल आणि डाळ पावसाआधीच भरून ठेवतात.

वैनगंगा दक्षिणेकडे वाहते, बरोबर? पण चामोर्शी तालुक्यात मार्कंड्याला ती वळण घेऊन उत्तरवाहिनी होते. नेमकी तिथेच उभी आहेत विदर्भाचं खजुराहो म्हणून गाजलेली कोरीव देवळं. महाशिवरात्रीला इथे यात्रा भरते आणि नदीचं वाळवंट माणसांनी फुलून जातं.

सिरोंच्याला आगबोट! ऐकून दचकलात? १८६०च्या दशकात इंग्रजांनी खरंच तसा घाट घातला होता. इंजिनीअर सर आर्थर कॉटन यांचं स्वप्न होतं की गोदावरीतून बोटी वर आणायच्या आणि वऱ्हाड-नागपूरचा कापूस थेट समुद्राला न्यायचा. नदीतल्या खडकांनी दाद दिली नाही. १८७१ साली योजनाच गुंडाळली गेली. खडक एक, इंग्रज शून्य!

आणि ऊन? २००७च्या जूनमध्ये चंद्रपूरचा पारा ४९ अंशांपर्यंत गेला. ब्रह्मपुरीही मागे नाही. उन्हाळ्यात देशातल्या सर्वात उष्ण गावांच्या यादीत ही दोन नावं हमखास चमकतात. हॉट डेस्टिनेशन म्हणतात ते हेच!

अंक दुसरा: राजे, हिरे आणि उलटा पाठलाग

कुत्रा सशाच्या मागे धावतो हे सगळ्यांना माहीत. पण ससा कुत्र्यामागे धावला आणि त्यातून एक शहर वसलं, हे माहीत आहे का?

दंतकथा अशी. बल्लारपूरचा गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह याच्या अंगावर गाठी होत्या. शिकारीला गेला असताना तो झरपट नदीच्या झऱ्याचं पाणी प्याला आणि गाठी बऱ्या झाल्या. मग तिथेच त्याला दिसलं, की एक ससा त्याच्या कुत्र्याचा पाठलाग करतोय! राणी हुशार. म्हणाली, ही जागा बलवान आहे, इथेच शहर वसवा. ससा जसा पळाला, त्या वाटेने तटाची आखणी झाली. चंद्रपूरचा परकोट आजही वळणं घेत शहराभोवती फिरतो. जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर आणि बिनबा हे त्याचे चार दरवाजे. जटपुऱ्यातून तर अजूनही रोज ट्रॅफिक जातं.

शाहजहानने मुमताजसाठी ताज बांधला. उलटं कुणी केलंय का? केलंय! राणी हिराईने पती बिरशाहची भव्य समाधी चंद्रपुरात अंचलेश्वर मंदिराजवळ बांधली. चैत्रात जिच्या यात्रेला नांदेड-परभणीकडून लोटच्या लोट येतात, त्या महाकालीचं मंदिरही हिराईच्या नावाशीच जोडलेलं आहे. लेडी बॉस, तीही तीनशे वर्षांपूर्वीची.

लालपेठमध्ये उघड्या माळावर दहा तोंडांची एक प्रचंड मूर्ती आडवी पडली आहे. लांबी साधारण २५ फूट, एकसंध दगड! लोक तिला रावण म्हणतात. खरं तर ती दुर्गा. रायप्पा नावाच्या धनाढ्य व्यापाऱ्याने देऊळ बांधायला मूर्ती घडवून घेतल्या, पण त्याचं निधन झालं आणि देवळाचं काम राहूनच गेलं. आजूबाजूला गणपती, नंदी, हनुमान, सगळे आभाळाखाली. देऊळ नाही, पण देव हाऊसफुल्ल!

हिऱ्यांची खाण म्हटली की गोवळकोंडा आठवतो. पण आरमोरी तालुक्यातल्या वैरागडच्या हिऱ्यांची नोंद अकबराच्या दरबारात लिहिलेल्या 'आईन-ए-अकबरी'त आहे, माहीत आहे का? वैरागडचा किल्ला आजही उभा आहे.

आता जरा ताठ उभे राहूया. १८५८ साली अहेरी भागातला एक तरुण गोंड-माडिया पोरांची फौज उभारून इंग्रजांवर चालून गेला. बाबुराव शेडमाके. वय अवघं पंचवीस. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चंद्रपूरच्या तुरुंगात त्यांना पिंपळाच्या झाडाला फाशी दिलं गेलं. तुरुंगाच्या आवारातला तो पिंपळ चंद्रपूरकरांसाठी तीर्थस्थान आहे.

आणि १९४२? १६ ऑगस्ट, नागपंचमीचा दिवस. चिमूर पेटून उठलं. पुढचे तीन दिवस चिमुरात इंग्रजांची सत्ता उरली नव्हती. देशाला स्वातंत्र्य मिळालं १९४७ साली, चिमूरकरांनी त्याची चव पाच वर्षं आधीच घेतली होती. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने या भागात आधीच ठिणगी टाकली होती.

इंटरव्हल: खाऊन घ्या

मोहाचं झाड रात्रपाळी करतं, माहीत आहे का? फुलं रात्री उमलतात, वटवाघळं येऊन परागीभवन करतात आणि पहाटे टपटप सडा पडतो. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे अंधारातच आख्खं घर टोपल्या घेऊन झाडाखाली हजर. झाडाखालची जमीन आधीच झाडून लख्ख केलेली, म्हणजे पिवळट पांढरं फूल चटकन नजरेत भरतं. वाकायचं, वेचायचं, टोपलीत टाकायचं. ऊन चढायच्या आत काम फत्ते, कारण उशीर झाला तर अस्वल नंबर लावतं! अस्वलाला मोह आवरत नाही, अक्षरशः.

मग ती फुलं अंगणात वाळत पडतात. सुकली की मनुकांसारखी लालसर होतात. भाजून खा, लाडू वळा, भाकरीत घाला. बियांचं तेलही निघतं. एकच झाड, पण त्याच्यावर घराचं अर्धं बजेट चालतं.

पाऊस पडला की नवा मेनू. बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते. जंगलात उगवणाऱ्या अळंब्या म्हणजे टेकोडे. उन्हाळ्यात चारं आणि टेंभरं. चारं फोडली की आत काय? तुमच्या श्रीखंडावरची चारोळी! सुपरमार्केटात डबीभर मिळते आणि भाव बघून हात मागे येतो. इथली पोरं ती झाडाखाली बसून खातात.

आणि धीट खवय्यांसाठी भामरागडकडची लाल मुंग्यांची चटणी. झाडावर पानं शिवून घरटं करणाऱ्या या मुंग्या चवीला आंबट असतात, त्यामुळे चटणीला लिंबू-चिंच काही लागत नाही. मिरची आणि मीठ घालून पाट्यावर वाटली, की झाली चटणी. मुंगी होऊन साखर खावी म्हणतात. इथे मुंगीच खावी!

मोह म्हटलं की दारू आठवली? मग एक सॉलिड फॅक्ट: गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि ती गावागावांतल्या बायकांच्या आणि तरुणांच्या आंदोलनातून आली.

अंक तिसरा: जंगलातले सेलिब्रिटी

महाराष्ट्राचं सर्वात जुनं राष्ट्रीय उद्यान कोणतं? ताडोबा, १९५५! नाव कुणाचं? एका माणसाचं. गोंडांचा गावप्रमुख तारू वाघाशी लढताना मारला गेला, अशी कथा आहे. त्याचं ठाणं ताडोबा तलावाच्या काठी आहे आणि आसपासच्या गोंडांसाठी तो देव आहे. वाघ बघायला देशोदेशीचे लोक येतात त्या जंगलाला नाव मात्र वाघाला भिडलेल्या माणसाचं!

मंगळवारी ताडोबाच्या कोअरमध्ये सफारी बंद असते. वाघांचा वीकली ऑफ!

सुट्टीवरून आठवलं. अहेरी तालुक्यात कमलापूरला महाराष्ट्रातला एकमेव सरकारी हत्ती कॅम्प आहे. लाकूड ओढायचं काम पूर्वी हत्ती करायचे, तेव्हापासूनची ही परंपरा. हिवाळ्यात हत्तींना चक्क रजा मिळते. त्या दिवसांत वनौषधी उकळून गरम लेप करतात आणि माहूत तो हत्तींच्या पायांना शेकत शेकत लावतात. या उपचाराला तिथे चोपिंग म्हणतात. पेडिक्युअर, पण वजनदार!

आणि २०२१ साली छत्तीसगडच्या बाजूने रानटी हत्तींचा कळपही गडचिरोलीत शिरला. त्यांना ना रजा, ना माहूत. भातशेती वाचवताना गावकऱ्यांची झोप उडाली. वन्यजीवासोबत राहणं म्हणजे काय, हे सफारीच्या जीपमधून कळत नाही, रात्री धानाच्या बांधावर जागल्यावर कळतं.

रानम्हैस बघितली आहे? महाराष्ट्रात तिचा शेवटचा आसरा गडचिरोलीच्या दक्षिणेला, कोलामार्काच्या जंगलात आहे. इंद्रावतीपलीकडच्या छत्तीसगडच्या जंगलाशी तिचं येणं-जाणं. पासपोर्टची भानगड नाही.

रात्री चांदण्यात पांढरंफटक झाड उभं दिसलं तर घाबरू नका. ते कांडोळ. सफारीतले गाइड त्याला घोस्ट ट्री म्हणतात. आणि मगरीच्या पाठीसारखी साल असलेलं झाड म्हणजे ऐन. याच्या खोडात कधी कधी पाणी साठलेलं असतं. भर उन्हाळ्यात झाडालाच नळ!

अयोध्येच्या राम मंदिराचे दरवाजे कुठल्या लाकडाचे, माहीत आहे का? आपल्या सागाचे! मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरच्या डेपोतून सागवानाची पहिली खेप वाजतगाजत निघाली. आलापल्लीचा साग पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेला, दाट धाग्याचा आणि टिकाऊ.

त्याच आलापल्लीजवळ सहा हेक्टरचा एक तुकडा १९५३ पासून जसाच्या तसा राखून ठेवलाय. नाव आहे ग्लोरी ऑफ आलापल्ली. कुऱ्हाडीला बंदी! २०१४ साली तो महाराष्ट्रातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ ठरला. तिथल्या सागाचा शेंडा बघायचा तर मान मागे टाकावी लागते. टोपी सांभाळा.

गिनीज बुक हवंय? घ्या. मार्च २०२४ मध्ये ताडोबा महोत्सवात चंद्रपूरला ६५,७२४ रोपं मांडून 'भारतमाता' हा शब्द तयार झाला आणि रोपांनी लिहिलेल्या सर्वात मोठ्या शब्दाचा विश्वविक्रम नोंदला गेला. ग्रीन सिग्नल!

अंक चौथा: आमच्या गावात आम्हीच सरकार

बांबू हे झाड नाही, गवत आहे, हे माहीत आहे का? शाळेत एक मार्काचा प्रश्न. पण याच प्रश्नावर गडचिरोलीच्या एका छोट्या गावाने देशाचा कारभार हलवला!

गाव मेंढा, लेखाजवळचं. म्हणून मेंढा-लेखा. तालुका धानोरा. जुना वन कायदा बांबूला झाड मानायचा, म्हणजे मालकी वनखात्याची. २००६चा वनहक्क कायदा म्हणाला, बांबू हे गौण वनोपज, म्हणजे हक्क गावाचा. मेंढ्याला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या अगदी पहिल्या गावांत मेंढा! पण बांबू तोडून गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो आणि तो द्यायचा कुणी?

गाव ठाम राहिलं. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्यात आले आणि परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. मंत्री गावाच्या दारात, कागद गावाच्या हातात!

मेंढ्याची घोषणा ठाऊक आहे? 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.' आणि इथे मतदान होत नाही. निर्णय होतो तो सगळ्यांच्या सहमतीने. एकानेही हरकत घेतली तर चर्चा पुढे सुरू. वेळ लागतो? लागू दे. एकदा ठरलं की मोडायला कुणी धजत नाही. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही या प्रवासातली जगभर ओळखली जाणारी नावं. २०१३ साली तर गावाने आपली शेतजमीनही ग्रामदानात ग्रामसभेच्या नावे केली.

पाचगावची ट्विस्ट ऐका. गोंडपिपरी तालुक्यातल्या या गावाला २०१२ साली हजारभर हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. बांबू विकून कमाई सुरू झाली. आणि तेंदूपत्ता? रोकडा देणारं पीक, पण गावाने ठरवलं, तोडायचा नाही! कारण तेंदूची कोवळी पानं यावीत म्हणून झाडं छाटली जातात, जंगलाला आग लावली जाते. हातातला पैसा सोडून जंगल राखणारं गाव. असा निर्णय घ्यायला छाती लागते.

बाकी गावांत मे महिना म्हणजे तेंदूचा सीझन. ७० पानांचा एक पुडा, असे १,००० पुडे म्हणजे एक स्टँडर्ड बॅग. पहाटे तोडणी, दुपारी घराच्या सावलीत बसून मोजणी, संध्याकाळी फळीवर, म्हणजे खरेदी केंद्रावर, जमा. गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा आता स्वतःच लिलाव करतात. ठेकेदार समोर बसतो, भाव गाव ठरवतं.

तलावांचा किस्सा तर लाजवाब. गोंड राजांचा हुकूम होता, की तलाव बांधा आणि त्याच्या पाण्याखाली भिजेल ती जमीन घ्या! कोहळी समाजातल्या जाणत्यांनी पूर्व विदर्भात हजारो तलाव बांधले. उतार नजरेने जोखायचा, पाळ घालायची, एकाचं पाणी दुसऱ्यात सोडायचं. माजी मालगुजारी तलाव म्हणजेच मामा तलाव ते हेच. आजही धान पिकतो तो या मामांच्या जिवावर!

गोटुल माहीत आहे का? भामरागड-एटापल्लीकडच्या माडिया गावांतली ही सगळ्यांच्या मालकीची जागा. तरुण-तरुणी इथे रेला नाचतात, गाणी शिकतात. पाहुणा आला की मुक्काम इथेच आणि गावाची बैठकही इथेच. कम्युनिटी सेंटर, को-वर्किंग, गेस्ट हाऊस, सगळं एका छपराखाली!

भाषांचा तर मेळाच. सिरोंच्यात तेलुगू, भामरागडला माडिया, धानोऱ्यात गोंडी, कोरचीत छत्तीसगडी, आरमोरीत झाडीबोली. आणि मुलचेऱ्यात? बंगाली! पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना इथे वसवलं गेलं. म्हणून गडचिरोलीच्या जंगलात दुर्गापूजेचा ढाक वाजतो आणि माशाचं कालवण शिजतं.

१ जानेवारी २०२५ लक्षात ठेवा. त्या दिवशी अहेरीहून गर्देवाड्याला एसटी सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच! आपल्याला बस दहा मिनिटं लेट झाली तरी चिडचिड होते. या गावाने ७७ वर्षं वाट बघितली.

अंक पाचवा: गाव लहान, नाव महान

मनगटी घड्याळाच्या नावाचा तांदूळ तुम्ही खाल्लाय, माहीत आहे का? एचएमटी तांदूळ! जन्मगाव नांदेड फकीर, तालुका नागभीड, जिल्हा चंद्रपूर. शोधकर्ते दादाजी खोब्रागडे. शाळा तिसरीपर्यंत, शेती दीड एकर. १९८३ साली धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाणे वेगळे काढले, पुढच्या हंगामात वेगळे लावले, पुन्हा निवडले. बारीक, चवदार, भरघोस वाण तयार! तेव्हा एचएमटीच्या घड्याळाची क्रेझ होती, म्हणून तांदळालाही तेच नाव पडलं. २०१० साली 'फोर्ब्स'ने देशातल्या ताकदवान ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांना स्थान दिलं. २०१८ साली दादाजी गेले. त्यांचा दाणा मात्र देशभरातल्या ताटांत आहे.

युरोपातल्या मोनॅको देशाच्या टपाल तिकिटावर भामरागड तालुक्यातलं हेमलकसा झळकलंय, माहीत आहे का? १९९५ साली! डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांचा तो सन्मान. लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला २३ डिसेंबर १९७३ रोजी. तेव्हा तिथे ना रस्ता, ना वीज. झाडाखाली दवाखाना, कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया. २००८ साली दोघांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याआधी १९८५ साली तोच पुरस्कार बाबा आमटेंना मिळाला होता. बाप-लेक-सून, मॅगसेसेची हॅटट्रिक!

बाबांचं आनंदवन तर वरोऱ्याजवळच. सुरुवातीचं भांडवल किती? सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये. आज तिथे शेती आहे, कॉलेज आहे, हातमाग आहेत आणि 'स्वरानंदवन' नावाचा दणदणीत वाद्यवृंदही आहे.

बाळाला न्यूमोनिया आहे की नाही, हे मणी मोजून ओळखता येतं, माहीत आहे का? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत हे साधन तयार केलं. लाकडी चौकट, एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेवर मणी. बाळाने दहा श्वास घेतले की एक मणी सरकवायचा. मिनिट संपायच्या आत लाल मणी सरकला, तर धोका! अक्षर न येणाऱ्या बाईलाही जमावं असं हे यंत्र.

पुढचा धक्का मोठा आहे. सर्चने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटलं होतं. १९९९ साली हे संशोधन 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करतात ना? त्या पद्धतीची मुळं गडचिरोलीच्या या गावांत आहेत.

ग्रँड फिनाले: झाडीपट्टीची तिसरी घंटा

बॉलिवूडला टक्कर देणारी एक इंडस्ट्री वडशात आहे, माहीत आहे का? झाडीपट्टी रंगभूमी! भाऊबीजेच्या मंडईपासून, म्हणजे गावच्या जत्रेपासून, सीझन सुरू होतो तो होळीपर्यंत. वडशाच्या गल्ल्यांत नाटक मंडळांची ऑफिसं आहेत. गावकरी येतात, पोस्टर बघतात, तारीख ठरवतात, इसार देतात.

नाटकाच्या दिवशी गावचा नूर बघाच. सकाळी शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. लेकी-जावई, मामे-मावसे, सगळे पाहुणे गोळा. लग्नं जुळतात तीही इथेच. रात्री उघड्या शेतात कनात उभी राहते, पुढे गाद्या, मागे गवताचा पेंढा. दहाच्या पुढे पहिलं गाणं सुरू होतं आणि पहाटेपर्यंत कुणी उठत नाही. हार्मोनियम, तबला, लाइव्ह! विनोदी पार्टी एन्ट्री घेते तेव्हा शेकोटीजवळची म्हातारी बाईसुद्धा शिट्टीला टाळी देते.

अनुदानाची वाट न बघता तिकिटाच्या पैशावर चालणारं हे नाटक आहे. शेतकरी नट होतो, नट शेतकरी होतो. गुरनोलीचे परशुराम खुणे यांनी पाच हजारांवर प्रयोगांत आठशे वेगवेगळ्या भूमिका केल्या आणि २०२३ साली पद्मश्री मिळवली.

आता तुमची टर्न! ताडोबाचं बुकिंग करताना दोन दिवस जास्तीचे ठेवा. एक मार्कंड्यासाठी, एक आनंदवन नाहीतर हेमलकशासाठी. ग्रामसभेचा बांबू, मोहाचे लाडू, गावातल्या बचत गटाची चारोळी थेट गावातूनच घ्या आणि भाव करू नका, कारण त्या पैशातूनच जंगलाची राखण होते. आणि थंडीत आलात तर रात्री शाल घेऊन झाडीपट्टीच्या कनातीत बसा. पुढच्या गाद्या लवकर भरतात, तेव्हा नऊलाच पोहोचा!